सुत्लुकाचे दुसरे टोले

बारा

अकराचे दुसरे टोले पडले तसं विन्का बाराकोविचने संग्रहालयाच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि ती चौकात आली. पाच दिवस दक्षिणेचा यूगो वाहत होता. हा दमट वारा सुटला की सुत्लुकात कपडे वाळत नाहीत, डोकी दुखतात आणि नवराबायको एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलतात, कारण घरच्यासारखं बोलले की भांडण होतं. नेमक्या अशा हवेत मोसमातली पहिली बस आली होती. तेवीस चेक प्रवासी, सगळे रेनकोट घालून.

विन्काने त्यांना तटाची उरलेली भिंत दाखवली, बुडालेल्या जहाजाचा नांगर दाखवला, आणि बाराला पाच मिनिटं असताना मनोऱ्याखाली उभं केलं. हे सगळ्यात शेवटी दाखवायचं. गावाचं खरं धन हेच.

"आमचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं," ती म्हणाली. "एकदा वेळेवर, आणि तीन मिनिटांनी पुन्हा. पहिल्या टोल्यांना माणूस नुसती मान वर करतो. दुसरे मोजतो. म्हणून आम्ही कोणाला 'आठला ये' म्हणत नाही, 'आठच्या दुसऱ्याला ये' म्हणतो. दोनशे अडतीस वर्षं हाताने चावी देऊन चालतंय. एकदाही चुकलेलं नाही."

बारा टोले पडले. चेक लोकांनी मान वर केली. विन्काने बोट वर केलं.

तीन मिनिटं झाली. बोट वरच होतं.

"चार," मोजे आणि सँडल घातलेला एक उंच माणूस मनगटाकडे बघत म्हणाला. मग म्हणाला, "सहा." दहाव्या मिनिटाला एक बाई हळूच बोलली, "बिचारं जेवायला गेलं असेल," आणि तेवीसच्या तेवीस हसले. विन्काही हसली. हसताना तिचा जबडा दुखला.

बस गेल्यावर ती अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढली. यंत्र चालू होतं, लंबक हलत होता. फक्त सासू जागेवर नव्हती.

सासू म्हणजे हातभर लांबीची वाकडी लोखंडी कांब. ती दातेरी चक्राशेजारच्या खुंटीवर टांगलेली असते, आणि टोले संपले की यंत्राला मागे ढकलून तेच सगळं पुन्हा बोलायला लावते. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं तो विवाहित असणार. सासू उचलायला दोन हात आणि अर्धी गिरकी लागते. ज्याला ती गिरकी माहीत नाही त्याला दिवसभर ओढूनही ती निघणार नाही.

खुंटी रिकामी होती.

बारा, पुन्हा

 

चार

"पोलिसांना कळवलंस?" नगराध्यक्ष प्रोश्पेरने विचारलं. शाळेत तो आणि विन्का एका बाकावर बसत, आणि तेव्हापासून ती त्याला गणित समजावत आली होती.

"कळवलं. त्यांनी विचारलं, काय चोरीला गेलं. मी म्हटलं, सासू. त्यांनी फोन ठेवला."

प्रोश्पेर हसला नाही. हसला असता तर तिला कमी राग आला असता. त्याने टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. तो कागद तिला पाठ होता. गुरुवारी संध्याकाळी सहाची सभा, विषय एकच. जुनं यंत्र थांबवून चौकात ध्वनिक्षेपकावर चालणारं घड्याळ बसवायचं. टोले ध्वनिमुद्रित, आवाज हवा तेवढा, रात्री बंद. मनोऱ्याखालची राखणदाराची खोली तिकीटघराला द्यायची. दोन वर्षं विन्का हा ठराव एकाच वाक्यावर अडवून बसली होती, 'एकदाही चुकलेलं नाही.' तिचे वडील कुझ्मा एकतीस वर्षं त्या घड्याळाचे राखणदार होते. सहाव्या वर्षी ती तेलाचा डबा घेऊन त्यांच्यामागे त्या पायऱ्या चढायची.

"गुरुवारपर्यंत सासू जागेवर आली नाही तर मी काही करू शकत नाही," प्रोश्पेर म्हणाला.

"करू शकत नाहीस की करायचं नाही?"

"विन्के, यूगो आहे. नको."

"गेली कधी ते मला माहीत आहे. अकराचे दुसरे मी स्वतः ऐकले. बाराचे पडले नाहीत. म्हणजे त्या एका तासात."

"अकराचे मीही ऐकले. वारा आत येत होता म्हणून खिडकी लावायला उठलो तेव्हा."

"मनोऱ्याची दुसरी किल्ली?"

"माझ्या दारामागच्या खिळ्याला. बघ. आणि तो तासभर मी इथेच फोनवर होतो, पलीकडच्या बाईला विचार. राखणदार येरोलिमला का विचारत नाहीस? तो मनोऱ्याच्या दारातच बसलेला असतो. हलतो कुठे? गेल्या मंगळवारी दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेला तेवढाच, तेही मला सांगून."

फिलोमेनामावशीच्या भाड्याच्या खोल्या मनोऱ्याला चिकटून होत्या. टोल्यांमुळे पाहुणे झोपत नाहीत असे तीन अर्ज तिने दिले होते, आणि तिन्हींच्या प्रती विन्काच्या संग्रहालयात होत्या, कारण मावशीला वाटे की त्याही जपून ठेवण्यासारख्या आहेत.

"अकराच्या दुसऱ्याला मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते," मावशी म्हणाली. "वाळत कसल्या, भिजत घालत होते. मग खाली बंदरावर गेले तर दोल्यानाची होडी अजून आलेली नाही! आठवडाभर हेच. भाजी येते ती मान टाकलेली. त्या गावाला लाज म्हणून नाही गं."

"मावशी, मनोऱ्याचं बोलतेय मी."

"मग बोल की."

"घड्याळ बंद पडावं असं गावात सगळ्यात जास्त कोणाला वाटतं?"

"मला," मावशी ताडकन म्हणाली. "पण मी अर्ज करणारी बाई आहे. चोरी कशाला करू? चोरी झाली तर पुढच्या वर्षी अर्ज कशावर करू?"

विन्का मनोऱ्यापाशी आली. बार्बा येरोलिम (म्हाताऱ्यांना इथे मानाने बार्बा म्हणतात) दारासमोरच्या बाकावर बसून पाव कॉफीत बुडवत होता. तोंडात दहा वर्षांत एक दात नव्हता, आणि कवळी म्हणजे दुसऱ्याचं हसू तोंडात घालणं असं त्याचं मत होतं. शेजारी सोललेल्या शेंगांचा ढीग होता.

"बार्बा, अकरा ते बारा तुम्ही इथेच होता?"

"दहापासून."

"आत कोण गेलं?"

"कोणी नाही."

"तुम्ही उठलात?"

"नाही."

"मग ती गेली कशी?"

"तू शिकलेली आहेस, पोरी. तू सांग."

"निदान अकराचे दुसरे तरी तुम्ही ऐकलेत ना?"

पावाचा तुकडा कॉफीत पडला. म्हाताऱ्याने तो काढला नाही.

"तू ऐकलेस?"

"हो."

"नीट?"

"बार्बा, अकरा टोले. मोजून."

त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिला आपल्या चेहऱ्यावर काही लागलंय असं वाटलं.

"मग पडले असतील," तो म्हणाला, आणि कप उचलून आत गेला.

आठ

मंगळवारी सकाळी चौकात दोन माणसं खांबावर ध्वनिक्षेपक बांधत होती. "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" "येतंय!" "आता?" "आताही येतंय, गप्प बस!"

विन्का मोजपट्टी आणि विजेरी घेऊन वर चढली. खुंटीची मापं घ्यायची, स्प्लिट शहरात कुठेतरी तशी कांब घडवून घ्यायची. दोन दिवसांत कोणी घडवून देणार नाही हे तिला माहीत होतं, पण नुसतं बसून राहिलं तर ती कोणालातरी चावली असती.

तिने विजेरी खुंटीवर धरली आणि हात तसाच राहिला.

खुंटीपासून शेजारच्या लोखंडी चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. काल अंधारात दिसलं नव्हतं. घाईघाईत विणलेलं चार धाग्यांचं नव्हे. थरावर थर, धूळ बसलेलं, आणि त्यात तीन माश्या. एक माशी तर वाळून नुसता पापुद्रा उरला होता.

सासू दर तासाला हलते. ती जागेवर असती तर असं जाळं टिकलं नसतं, एकही तास टिकलं नसतं. म्हणजे ती काल अकराला इथे नव्हती. परवाही नव्हती. कित्येक दिवस नव्हती.

पण काल अकराचे दुसरे टोले प्रोश्पेरने ऐकले, फिलोमेनामावशीने ऐकले. ह्या दोघांचं इतकं वाकडं की गावातले लोक म्हणतात, ही दोघं एका देवळात असली तर मेणबत्त्या विझतात. ती दोघं मिळून एक खोटं बोलणार नाहीत.

आणि तिसरी साक्षीदार ती स्वतः.

खाली ध्वनिक्षेपकातून मुद्रित टोले सुरू झाले, पत्र्याच्या डब्यात चमचा वाजवल्यासारखे. विन्का खुंटीसमोर उकिडवी बसून राहिली. एक तर कोळी खोटं बोलत होता, नाहीतर अख्खं गाव.

दहा

बुधवारी तिने वहीत लिहिलं:

घंटा सासूशिवाय पुन्हा वाजते?

(नाही. काल दिवसभर वर बसून ऐकलं.)

चोर रोज सासू लावतो आणि काढतो, जाळं न मोडता?

(मूर्ख.)

मला वेड लागलंय?

(ह्यापुढे तिने काही लिहिलं नाही.)

वही मिटून ती बंदरावर गेली. तिथे फिलोमेनामावशी आणि आणखी दोघीतिघी कमरेवर हात ठेवून खाडीकडे बघत होत्या. पलीकडच्या काठावर दोल्याना. दोन्ही गावांमध्ये कशावरून वाकडं आलं ते कोणालाच आठवत नाही, पण वाकडं आहे हे सगळ्यांना पक्कं आठवतं. दोल्यानाकडून भाजी घ्यायची, मासे घ्यायचे, बोलायचं मात्र नाही.

होडी चाळीस मिनिटं उशिरा लागली. पेरिना नावाची रुंद खांद्यांची बाई ती चालवायची.

"या, या, राणीसरकार!" मावशी ओरडली. "उठलात का? आंघोळ झाली?"

पेरिनाने दोर खांबाला टाकला. नेहमी ती गप्प बसे. आज यूगोचा आठवा दिवस होता.

"तुम्हीच बंद केलंत आणि वर आम्हांलाच बोला!" ती कडाडली.

"काय बंद केलं?" विन्काने विचारलं. दोल्यानाच्या माणसाला प्रश्न विचारला म्हणून बाजूच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"दुसरे टोले! काय म्हणजे? मागच्या मंगळवारी तीनचे पडले. चारचे नाहीत. तेव्हापासून पडलेलेच नाहीत. आमचा सगळा गाव खोळंबलाय."

"कुठल्या मंगळवारी?"

"यूगो सुटायच्या आदल्या दिवशी."

विन्काच्या डोळ्यांसमोर ती वाळलेली माशी आली.

"तुम्ही आमचं घड्याळ ऐकता?"

"मग काय हौस आहे? इंजिन चालू असतं, बर्फ फोडणं चालू असतं. पहिला टोला कानावर आला की इंजिन बंद करायचं. तोवर निम्मे निघून गेलेले असतात, ते मोजून काय उपयोग? मग थांबायचं आणि दुसरे मोजायचे. पहाटेचे सहा मोजले की मी जाळी गोळा करते, दहा मोजले की इकडे निघते."

"फोन नाही का तुझ्याकडे?"

"फोन खिशात असतो, हात माशांत असतात."

"अगं, मग आठ दिवस सांगितलं का नाहीस?"

"सुत्लुकाच्या माणसाला? मी?" पेरिनाने टोपली इतक्या जोरात आपटली की दोन मासे उडाले. "तुझ्या आजीने माझ्या आजीला कधी नमस्कार केला होता का? आणि तुमच्या म्हाताऱ्याला माहीत होतंच की. त्याच मंगळवारी दुपारी परतीला माझ्या होडीत होता तो. मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. कुठे निघालात म्हटलं, तर म्हणे दातांच्या डॉक्टरकडे. दोल्यानात दातांचा डॉक्टर! आमच्याकडे गुरांचासुद्धा नाही."

मावशी ह्या विनोदावर हसली आणि दोल्यानाच्या विनोदावर हसलो म्हणून लगेच थांबली.

विन्का वळून चालायला लागली, मग पळायला. तोंडात एक दात नसलेला माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला, हे प्रोश्पेरने तिला सोमवारीच सांगितलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळाने तिने त्याला पाव भिजवून खाताना पाहिलं होतं. आणि ती अकरा ते बाराचा हिशोब लावत बसली होती!

अकरा

"दोल्यानात कोण आहे, बार्बा?"

येरोलिम खोलीत पलंगावर बसला होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "लोहार."

सुत्लुकातल्या लोहाराच्या जागी आता आइस्क्रीमचं दुकान होतं. खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून भाता उरला होता तो एकच.

"टोक झिजलं होतं. तुझ्या बापाच्या काळापासूनच. मंगळवारी तीनला तुटलं. दोन दिवसांत देतो म्हणाला. मग हा वारा सुटला. यूगोत तो ऐरणीला हात लावत नाही, जोड धरत नाही म्हणे."

"मग मला सांगायचं होतंत!"

"काय सांगू? सुत्लुकाचं घड्याळ दोल्यानाच्या लोहाराने जोडलं? तुझ्या पत्रकात छापतेस?"

"चोरी झाली म्हणून मी गाव डोक्यावर घेतलं. पोलिसांना फोन केला. प्रोश्पेरच्या दारामागे खिळे तपासले! तेव्हा तरी बोलायचं!"

"चोरी झाली असं मी एकदाही म्हटलं नाही. तू म्हटलंस."

हे खरं होतं, त्यामुळे तिला आणखी संताप आला.

"पण अकराचे दुसरे," ती म्हणाली. "मी ते..."

"ऐकलेस. माहीत आहे." म्हाताऱ्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "पहिल्या दिवशी मी बाकावर बसून राहिलो. म्हटलं, आता कोणीतरी येईल, विचारेल, काय झालं म्हणून. काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, वारा आहे, ऐकू गेलं नसेल. रविवारी प्रार्थनेला सगळा गाव चौकात उभा. दहाचे पहिले पडले. दुसरे नाहीत. तरी सगळे बरोबर तीन मिनिटांनी देवळाच्या दारातून आत गेले, टोपी काढून, दुसरे पडले तेव्हा जातात तसेच. मी चौकात उभा राहून बघत होतो. म्हटलं, कुझ्माची पोर तरी. ती येईल. सोमवारी आलीस. आणि म्हणालीस, मोजून अकरा."

विन्का पलंगाच्या कडेवर बसली. सोमवारी अकरा वाजता आपण काय ऐकलं ते आठवायचा तिने प्रयत्न केला. कुलूप आठवलं. काखेतली पत्रकं आठवली. टोले आठवत होते, स्वच्छ, एकामागून एक. पण ते परवाचे होते, का बाराव्या वर्षीचे, ते सांगता येईना.

"गुरुवारी सभेत काय सांगायचंय ते सांग," येरोलिम म्हणाला. "मला चोर म्हण. विकली म्हण. खोली सोडून जाईन. पण दोल्याना म्हणू नकोस."

चार

गुरुवारी पहाटे वारा पडला. विन्का पेरिनाच्या होडीतून खाडीपलीकडे गेली. तिच्या घराण्यात असं करणारी ती पहिलीच. शिमुन लोहाराने भाता पेटवला होता.

"कुझ्माची मुलगी ना?" तो म्हणाला. "तुझा बाप गेला त्या दिवशी घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं. चावी द्यायला उशीर झाला असणार. आम्ही म्हटलं, तिकडे काहीतरी झालंय. तुमच्या चौकात कळायच्या आधी आमच्या धक्क्यावर टोप्या उतरल्या होत्या."

विन्काने भट्टीकडे तोंड फिरवलं. धूर डोळ्यांत जात होता.

चार वाजता सासू पाण्यात बुडून फुसफुसली. शिमुनने ती पोत्यात गुंडाळली आणि डोक्यावर टोपी घातली. "मीही येतो. बसवताना वाकडी बसली तर नाव माझं जाईल."

सहा

सभागृह भरलं होतं. प्रोश्पेरने ठराव वाचला. चोरी झाली, हाताने चालणारं यंत्र सुरक्षित नाही, सबब.

"एक प्रश्न," विन्का उभी राहिली. "रविवारी प्रार्थनेच्या वेळी दहाचे दुसरे टोले कोणी कोणी ऐकले? हात वर करा."

सगळे हात वर गेले. प्रोश्पेरचा, फिलोमेनामावशीचा, पाद्रीबाबांचा. कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या येरोलिमचा तेवढा नाही.

"सोमवारी अकराचे?"

पुन्हा हात. ह्या वेळी विन्कानेही स्वतःचा हात वर केला, आणि दुसऱ्या हाताने पोतं उघडून सासू टेबलावर ठेवली.

मग तिने सांगितलं. मंगळवारी तीन वाजता तुटलेलं टोक, वाळलेली माशी, रोज उशिरा येणारी होडी, दात नसलेल्या माणसाचा दातांचा डॉक्टर. "आपण सगळ्यांनी जे ऐकलं म्हणून सांगितलं ते त्या वेळी दोल्यानाच्या लोहाराकडे पोत्यात पडलं होतं. कोणी खोटं बोललं नाही. कोणी ऐकलंही नाही. न ऐकता ऐकलं म्हणणाऱ्यांत पहिली मी."

सभागृहात जो गलका उठला तो टोल्यांवरून नव्हता. "दोल्याना?" "दोल्यानाकडे दिली?" "आपली सासू!" येरोलिमकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

प्रोश्पेरने पेला टेबलावर आपटला. शांतता झाल्यावर तो बोलला ते जवळजवळ मायेने. "विन्के, सहा दिवस घड्याळ अर्धं मुकं होतं आणि एकाला पत्ता लागला नाही. अगं, तू माझंच काम केलंस. कोणी ऐकतच नसेल तर ध्वनिक्षेपक काय वाईट आहे?"

विन्का खाली बसली. तीन दिवस चढली-उतरली, एका म्हाताऱ्याचा शब्द मोडला, आणि शेवटी हिशोब जुळला तो प्रोश्पेरच्या बाजूने. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गणित बरोबर आलं होतं.

"तुमच्या त्या कर्ण्याचा आवाज खाडी ओलांडेल का?"

दारात पेरिना उभी होती. तिच्यामागे शिमुन, टोपी हातात घेऊन. त्या सभागृहात दोल्यानाचा माणूस कधी आला नव्हता, त्यामुळे त्यांना बाहेर काढायची पद्धतही कोणाला माहीत नव्हती.

"नाही ओलांडणार," प्रोश्पेर म्हणाला. "का?"

"मग आम्ही वेळ कशावर काढायची?"

प्रोश्पेर हळूहळू पुढे वाकला.

"म्हणजे... दोल्याना आमच्या घड्याळावर चालतं?"

"दुसऱ्या टोल्यांवर. पहिल्यांनी नुसतं इंजिन बंद होतं."

"किती वर्षं?"

"माझ्या पणजीला विचारायला हवं."

"मला माहीतच होतं!" फिलोमेनामावशी खुर्चीवरून उठली. "ह्यांना स्वतःची वेळसुद्धा नाही! आपण देतोय म्हणून चाललंय!"

आणि मग काय झालं ते विन्का पाहत राहिली. छात्या फुगल्या. शेजारी शेजाऱ्याला कोपर मारायला लागला. कोणीतरी म्हणालं, उद्या आपण बंद केलं तर तिकडे सूर्य उगवायचा नाही. प्रोश्पेरने ठरावाचा कागद दोनदा दुमडून खिशात घातला आणि तोंडावर दोनशे अडतीस वर्षांचा अभिमान आणून म्हणाला, "शेजाऱ्यांना उघड्यावर टाकणं सुत्लुकाच्या रक्तात नाही. जुनं घड्याळ ठेवायच्या बाजूने?" सगळ्यात आधी हात त्याचाच वर गेला.

पेरिनाच्या गालाचा स्नायू एकदा उडाला. वेळ हवी होती, ती मिळाली होती. "माझे मासे खराब होताहेत," म्हणून ती धक्क्याकडे निघून गेली.

विन्का जिंकली होती. तिला टेबल उलटं करावंसं वाटत होतं.

येरोलिम पुढे आला. त्याने सासू उचलली, टोकाच्या नव्या जोडावरून अंगठा फिरवला.

"चोर म्हटलं असतंस तर बरं झालं असतं, पोरी," तो खालच्या आवाजात म्हणाला आणि मनोऱ्याकडे चालायला लागला. दोन पावलं मागे राहून शिमुन त्याच्यामागे गेला. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता चढत असणार, हे तिला इथूनही दिसत होतं.

सात

चौकात सगळा गाव होता. उन्हं अजून छपरांवर होती. कोणी वाइनमध्ये पाणी घालत होतं, कोणी नुसतीच वाइन. फिलोमेनामावशी विन्काच्या कोपराला धरून नवं पत्रक सांगत होती. "'दोन गावांना वेळ देणारं घड्याळ.' असं मोठ्या अक्षरांत. आणि खाली बारीक अक्षरांत, 'त्यातलं एक गाव नावाजण्यासारखं नाही.' आणि माझ्या खोल्यांचा पत्ता."

सात टोले पडले. काही माना वर झाल्या, काही नाही. खाडीच्या मधोमध पेरिनाच्या होडीचं इंजिन फटफटत होतं, ते बंद पडलं.

"तिचं बिघडलं बघ," प्रोश्पेर खुशीत म्हणाला. "दोल्यानाची होडी!"

सात, पुन्हा

एक. चौकात कोणीतरी गाणं सुरू केलं होतं. दोन. "आणि छायाचित्र माझ्या गच्चीवरून घ्या," मावशी सांगत होती. तीन. चार. विन्का बोटांवर मोजत होती, लहानपणी तेलाच्या डब्याच्या कडीवर मोजायची तशी. पाच. प्रोश्पेर हसला. सहा.

सात.

"मावशी, ऐकलेत?"

"काय? हो, ऐकले की," मावशी म्हणाली. "तर गच्चीवरून..."

खाडीत इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि होडी दोल्यानाकडे निघाली.